रोज लागणारी इंग्रजी : प्रस्तावना

शब्दांचं कुठलंही पुस्तक कोणालातरी समोर ठेवूनच करावं लागतं. हे पुस्तक करताना माझ्यासमोर रोहिणखेड होतं. बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातलं हे घाटाखालचं गाव. मागे अजिंठ्याची डोंगररांग, पुढे पूर्णेच्या खोऱ्याकडे पसरत गेलेली काळी जमीन. कपाशी, सोयाबीन, तूर, मका ही या भागातली पिकं. इंग्रजी शिकवणारी पुस्तकं बाजारात भरपूर मिळतात. पण त्यांच्या पानांवर इंग्रजी बोलणारा माणूस विमानतळावर उभा असतो, लॉजवर खोली मागत असतो, नाहीतर ऑफिसात साहेबाशी हात मिळवत असतो. घाटाखालच्या माणसाला इंग्रजी भेटते ती बियाण्याच्या पिशवीवर, औषधाच्या पट्टीवर, पासबुकात आणि मोबाइलच्या पडद्यावर. तिथली इंग्रजी आधी यावी, बाकीची सावकाश यावी, असं मला ठामपणे वाटतं. या पुस्तकातल्या शब्दांची निवड आणि त्यांचा क्रम दोन्ही त्यातून ठरले.

वाचक कोण, तेही सांगून टाकतो. सातवी-आठवीत शाळा सोडून शेतीला लागलेला बाप. बचत गटाचं रजिस्टर लिहिणारी बाई. पोलीस भरतीसाठी पहाटे ग्राउंड मारणारा आणि दुपारी सामान्य ज्ञान पाठ करणारा पोरगा. बारावी होऊन कंपनीत लागायला निघालेली पोरगी. आणि अर्थात शाळेतली लेकरं. या सगळ्यांना एकाच वर्गात बसवता येत नाही, पण एका घरात ते एकत्र राहतात. म्हणून हे पुस्तक घरात ठेवण्याचं आहे.

रोहिणखेडला परक्या भाषा नव्या नाहीत. बुऱ्हाणपूरकडून वऱ्हाडात उतरणाऱ्या फौजांच्या वाटेवर हे गाव पडत असे. 1437 साली बहमनी सेनापती खलफ हसन बसरी याने खानदेशच्या नासिरखान फारुकीला इथेच हरवलं. पुढे 1590च्या सुमारास अहमदनगरच्या गादीसाठी बुऱ्हाण निजामशहा आणि जमालखान यांची निर्णायक लढाई याच परिसरात झाली. त्याआधी, 1582 साली, खुदावंतखानाने बांधलेली मशीद गावात आहे. त्या काळात दरबारची भाषा फारसी, धर्माची अरबी, आणि शेतात मराठी. लढाया संपल्या, राज्यं गेली, शब्द मात्र राहिले. जमीन, दुकान, कागद, हिशेब, बाजार, खर्च हे शब्द परके आहेत असं आज कोणाला सांगूनही पटणार नाही. शेतकऱ्याचं अख्खं वर्ष ज्या दोन शब्दांत मावतं ते खरीप आणि रब्बी हे शब्दसुद्धा अरबीतून आलेले. शिकवणी लावून यातला एकही शब्द कोणी शिकलेलं नाही. काम पडलं, तोंडाला सवय झाली, शब्द आपला झाला.

इंग्रजीही वऱ्हाडात तशीच शिरली, कामाच्या दाराने. 1853 साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. काळ्या जमिनीतला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना हवा होता, म्हणून रूळ आले. मुंबई-नागपूर मार्गावर मलकापूर, नांदुरा, शेगाव ही स्टेशनं झाली. खामगाव तर एवढी मोठी कापसाची पेठ होती की 1870 साली जलंबपासून तिथपर्यंत खास फाटा टाकला गेला. जिनिंग, प्रेस, स्टेशन, तिकीट, पार्सल असे शब्द शाळेच्याही आधी या भागात पोचले, आणि शाळेचं तोंड न पाहिलेल्या हमालांनी ते वापरून वापरून मराठी करून टाकले. आजही हे चालूच आहे. विहिरीवर मोटर, पाइप, स्टार्टर, फ्यूज, केबल आहे. डीपी जळाली की चार दिवस पाणी नाही. कापूस विकायला नेला की ग्रेडर मॉइश्चर बघतो. भारतीय कपास निगमच्या केंद्रावर आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे कपात आणि बारा टक्क्यांच्या वर माल परत, हे शेतकऱ्याला तोंडपाठ असतं. मॉइश्चर म्हणजे काय, हे त्याला कोणी शिकवायला नको. तो शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिला तर मात्र वाचता येत नाही. इथेच गाडी अडते.

शाळेचं म्हणायचं तर महाराष्ट्रात जून 2000 पासून मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. प्रा. रामकृष्ण मोरे तेव्हा शिक्षणमंत्री होते. त्याआधी इंग्रजीची गाठ पाचवीत पडायची. निर्णयावर वाद झाला, तरी खेड्यातल्या पालकांनी तो मनापासून स्वीकारला, कारण शहरातल्या लेकराला जे मिळतं ते आपल्याला का नाही, हा प्रश्न त्यांच्या मनात कधीपासूनचा होता. तो प्रश्न रास्तच होता. पण पंचवीस वर्षांनंतर हाती काय आहे? प्रथम संस्थेच्या 'असर' पाहणीत 2022 साली ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी साधी इंग्रजी वाक्यं वाचू शकणारी मुलं चौथ्या हिश्शाच्या आसपास भरली. आठवीतही हे प्रमाण निम्म्यापर्यंत पोचत नाही. वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांना वाचलेल्याचा अर्थ सांगता आला नाही. आकडे देशाचे आहेत, पण आपल्या शाळांत फिरलेल्या कोणालाही ते अनोळखी वाटणार नाहीत.

यात लेकरांचा दोष शोधू नये. गुरुजींचाही फारसा नाही. पुस्तकातले शब्द आणि लेकराच्या दिवसातले शब्द यांची भेटच होत नाही, हे मला खरं कारण दिसतं. बालभारतीने अलीकडे पहिलीसाठी एकात्मिक द्विभाषिक पुस्तकं काढली, मराठी शब्दाजवळच इंग्रजी शब्द ठेवला, ते योग्य पाऊल आहे. मोठ्या माणसांसाठी असं काही झालेलं नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी माणसाच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. तिचं ऋण मोठं आहे. पण ती पाठमाला व्याकरणाच्या पायऱ्यांनी चढते, आणि चढणाऱ्याजवळ वेळ आहे, दिवा आहे, शिकवणारा आहे, असं धरून चालते. कापूस वेचून संध्याकाळी घरी आलेल्या बाईजवळ यातलं काय असतं?

म्हणून मला मायकेल वेस्ट हा माणूस फार जवळचा वाटतो. हा इंग्रज शिक्षणतज्ज्ञ 1920च्या दशकात ढाक्याला शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात होता. बंगालच्या शाळांत इंग्रजीची काय गत आहे ते त्याने वर्षानुवर्षं पाहिलं आणि 1926 साली द्विभाषिकतेवर मोठं पुस्तक लिहिलं. त्यातला एक विचार विम्याच्या धंद्यातून उचललेला आहे. पॉलिसी मध्येच बंद केली तर भरलेल्या पैशांतून काही रक्कम हाती येते, तिला सरेंडर व्हॅल्यू म्हणतात. एलआयसीमुळे हा शब्द आपल्या खेड्यापाड्यांतही माहीत आहे. वेस्टने विचारलं: बहुतेक मुलं शिक्षण अर्ध्यावर सोडतात, तर सोडण्याच्या दिवशी त्यांच्या पदरात काय पडतं? चौथीत शाळा सुटलेल्या मुलाला चार वर्षांच्या इंग्रजीचा काही उपयोग होतो का? त्याला उत्तर दिसलं ते असं की जवळजवळ काहीच होत नाही, कारण सगळा अभ्यासक्रम शेवटपर्यंत जाणाऱ्या थोड्या मुलांसाठी रचलेला आहे.

शंभर वर्षं होत आली, तरी हा प्रश्न मोताळ्यात जसाच्या तसा उभा आहे. कोणाची शाळा लग्नाने सुटते, कोणाची ऊसतोडीने, कोणाची बापाच्या आजारपणाने. तेव्हा या पुस्तकाची रचना करताना एकच कसोटी लावली: वाचक ज्या पानावर थांबेल त्या पानापर्यंतचं त्याच्या कामी आलं पाहिजे. दहा पानं वाचून कोणी पुस्तक ठेवून दिलं, तरी त्या दहा पानांनी त्याचं काही नुकसान वाचवलं पाहिजे, कुठलीतरी सही डोळे उघडे ठेवून करता आली पाहिजे. त्यामुळे इथे शब्द अक्षरांच्या क्रमाने लावलेले नाहीत. गरजेच्या क्रमाने लावले आहेत. फळं, फुलं, रंग, पक्षी, प्राणी मागे गेले आहेत. ते शाळेच्या पुस्तकात आहेतच.

किती शब्द पुरतात, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. जाडजूड कोश पाहून माणसाला धडकी भरते आणि तो सुरुवातच करत नाही. पण भाषेचा रोजचा व्यवहार मूठभर शब्दांवर चालतो. इंग्रजी मजकुरात सर्वाधिक येणारे शंभर शब्द घेतले तर छापील पानाचा जवळपास निम्मा भाग तेच शब्द पुन्हा पुन्हा येऊन भरतात. वेस्टनेच 1953 साली सुमारे दोन हजार शब्दांची सर्वसाधारण यादी प्रसिद्ध केली. साध्या मजकुरातले शंभरातले ऐंशी शब्द तिच्यात सापडतात. त्याच्याआधी 1930 साली सी. के. ऑग्डेन याने तर 850 शब्दांतच सगळी इंग्रजी बसवून दाखवली होती. त्यातले 600 वस्तूंचे आणि कल्पनांचे, 150 गुणांचे, आणि क्रिया व जोडणीचे फक्त 100. क्रियापदं म्हणून मोजायची तर अठरा.

ऑग्डेनची योजना ऐकायला सोपी आणि वापरायला अवघड निघाली, हे मात्र सांगायला हवं. अठरा क्रियापदांवर काम भागवायचं म्हटलं की 'पुट' या एकाच शब्दाला पुढे अप, ऑफ, आउट, डाउन, अवे असे तुकडे जोडून दरवेळी वेगळा अर्थ काढावा लागतो. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्याला ते सहज जमतं, शिकणाऱ्याला ते एकेक नवे शब्द म्हणूनच पाठ करावे लागतात. 1934 साली वेस्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या योजनेची सविस्तर चिकित्सा केली. तरीही ऑग्डेनकडून एक गोष्ट मी घेतली आहे: वस्तूंच्या नावांपेक्षा छोट्या क्रियापदांकडे आधी वळायचं. नावं माणूस बोट दाखवून भागवू शकतो. दे, घे, ठेव, थांब, पाठव, बंद कर, हे बोट दाखवून भागत नाही.

आणि इथे मराठी माणसाची अडचण फार वेगळी आहे, ती इंग्लंडात बसून लिहिलेल्या पुस्तकांना दिसत नाही. आपलं 'लागणे' हे एकच क्रियापद घ्या. भूक लागते, तहान लागते, ठेच लागते, डोळा लागतो, दिवा लागतो, पाऊस लागून राहतो, नंबर लागतो, नोकरी लागते, वेळ लागतो, पैसे लागतात, आंब्याला मोहोर लागतो, भाजी खाली लागते, बस लागते तेव्हा ती स्टँडवर उभी असते आणि बस लागते तेव्हा पोटात ढवळतं. या प्रत्येक 'लागणे'ला इंग्रजीत निराळा शब्द आहे, आणि काही ठिकाणी क्रियापदच नाही. 'घेणे'चं तेच. चहा घेतो, औषध घेतो, जमीन घेतो, शपथ घेतो, कडेवर घेतो, मनावर घेतो. शिकणारा प्रत्येक 'घेणे'साठी 'टेक' वापरतो आणि कुठेतरी फसतो. तिसरी अडचण 'मला'ची. मला भूक लागली, मला माहीत आहे, मला ताप आला, मला पाहिजे. गरज सांगणारी आपली किती वाक्यं 'मला'ने सुरू होतात! इंग्रजीत या सगळ्यांचा आरंभ 'आय'ने, म्हणजे 'मी'ने होतो. हे एकदा उघड करून सांगितलं की मोठी माणसंसुद्धा भराभर वाक्यं जुळवू लागतात. कोणी सांगितलंच नाही तर ती वर्षानुवर्षं 'मी' म्हणावं की 'मला' या पेचात अडकून गप्प राहतात. म्हणून क्रियापदांचा विभाग मराठी क्रियापदांवरून रचला आहे. आधी आपलं क्रियापद, मग त्याच्या वेगवेगळ्या वापरांसाठी इंग्रजी काय म्हणते ते. या विभागावर मी सर्वांत जास्त वेळ घातला, आणि वाचकानेही घालावा.

शब्दयोगी अव्ययांचा विभाग त्यामानाने लहान आहे. आपण 'पेटीत', 'टेबलावर' असं नामाच्या शेपटीला जोडतो, इंग्रजी तेच नामाच्या आधी ठेवते, एवढं कळलं की बाकी सवयीचा भाग आहे. 'बिफोर' आणि 'आफ्टर' हे दोन शब्द तेवढे सुटे काढून पहिल्याच पानावर दिले आहेत. गोळी जेवणाआधी की जेवणानंतर, हे त्यांच्यावर ठरतं.

आता पुस्तकाच्या ज्या भागासाठी मी तळमळीने लिहितो आहे त्याकडे येतो: पोती, पिशव्या, बाटल्या.

सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशवीला लेबल असतं. प्रमाणित बियाण्याचं निळं, सत्यतादर्शक बियाण्याचं हिरवट. त्यावर लॉट नंबर, तपासणीची तारीख, कधीपर्यंत वापरावं ती तारीख, भौतिक शुद्धता आणि 'जर्मिनेशन' म्हणजे उगवणशक्ती दिलेली असते. सोयाबीनची उगवणशक्ती किमान 70 टक्के असावी असा नियम आहे. पेरणी करून आठ दिवसांनी शेत उघडंच दिसलं तर तक्रारीसाठी हीच पिशवी, हेच लेबल आणि पावती लागते. पुष्कळदा तोवर पिशवी फेकलेली असते, कारण तिच्यावर काय लिहिलंय ते कोणी वाचलेलंच नसतं. लेबलावरचे आठ-दहा शब्द वाचता आले तर शेतकरी दुकानातच दोन पिशव्या शेजारी ठेवून बघेल. खताच्या पोत्यावरही तसंच. डीएपीवर 18:46 लिहिलेलं असतं, युरियावर 46 टक्के नायट्रोजन. पोत्यावर 'यूज नो हुक्स' असंही छापलेलं असतं, म्हणजे आकडा लावू नका. पोतं उचलणाऱ्या हमालाला ते कोणी वाचून दाखवत नाही.

कीटकनाशकाच्या बाटलीवर एक चौकोन तिरपा उभा केलेला असतो. त्याचे दोन त्रिकोण केलेले: वर इशाऱ्याचा शब्द, खाली रंग. 1971च्या कीटकनाशक नियमांनी हे ठरवून दिलं आहे. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे अतिशय विषारी, निळा मध्यम, हिरवा कमी. लाल आणि पिवळ्यावर 'पॉयझन', निळ्यावर 'डेंजर', हिरव्यावर 'कॉशन' लिहिलेलं असतं. गडबड अशी होते की आपल्याकडे हिरवा रंग म्हणजे बिनधोक, अशी समजूत आहे. सिग्नलपासून शाकाहारी ठिपक्यापर्यंत सगळीकडे हिरवा चांगलाच भेटतो. फवारणी करणारा हिरवा त्रिकोण पाहून तोंडाला रुमालही बांधत नाही. 'कॉशन' म्हणजे 'जपून', हा अर्थ त्याला माहीत असता तर त्याने बांधला असता. बाटलीसोबत हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत माहितीपत्रक असावं लागतं, हे खरं. पण घड्या घातलेला तो कागद मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेला असतो, आणि पुष्कळदा बाटली शेतावर पोचते आणि कागद दुकानातच राहतो. हाती उरतं ते बाटलीवरचं लेबल.

2017च्या पावसाळ्यात आपल्याच विदर्भातल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. कारणं अनेक होती: डोक्याच्या वर गेलेली कपाशी, दमट हवा, एकमेकांत मिसळलेली औषधं, अंगावर संरक्षणाचं काही नाही. इंग्रजी न येणं हे त्या मृत्यूंचं कारण होतं असं मी म्हणणार नाही, तसं म्हणणं मेलेल्यांवर अन्याय होईल. विकणाऱ्याची, कंपनीची आणि कृषी खात्याची जबाबदारी कोणत्याही शब्दसंग्रहाने कमी होत नाही. लेबल मराठीतच ठळक असलं पाहिजे, ही मागणी रास्त आहे आणि ती करत राहिलं पाहिजे. पण ती मान्य होईपर्यंत फवारणी थांबत नाही. म्हणून डोस, डायल्यूशन, मिक्स, स्प्रे, ग्लोव्ह्ज, मास्क, इनहेल, स्वॉलो, अँटिडोट आणि वेटिंग पीरियड हे शब्द इथे मोठ्या टाइपात, चित्रांसह आणि अगदी पुढे घेतले आहेत. अँटिडोट म्हणजे उतारा. विषबाधा झालेल्याला दवाखान्यात नेताना बाटली किंवा तिचं लेबल सोबत न्यावं, म्हणजे डॉक्टरला उतारा कोणता द्यायचा ते कळतं. हे वाक्य त्या पानावर चौकटीत छापलं आहे.

औषधाच्या पट्टीवरचे शब्द थोडे आहेत, एका बैठकीत येतात. 'एक्स्प' म्हणजे मुदत. तिथे महिना आणि वर्ष असतं, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं. बाटलीवर 'शेक वेल' म्हणजे चांगलं हलवून घ्या. 'फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली' म्हणजे फक्त वरून लावण्यासाठी, पोटात घ्यायचं नाही. पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय घेऊ नये. अँटिबायोटिकही यातच येतात. शेजारणीला बरं वाटलं म्हणून तिच्याकडची उरलेली गोळी घेणं आपल्याकडे सर्रास चालतं. लाल रेघ ओळखायला शब्द एकही लागत नाही, तरी ती या पुस्तकात आहे.

मोबाइलने तर प्रत्येकाला इंग्रजीच्या दारात नेऊन उभं केलं आहे. बँकेचा संदेश येतो, त्यात 'क्रेडिटेड' असेल तर पैसे जमा झाले, 'डेबिटेड' असेल तर गेले. दोन शब्द शेजारी शेजारी ठेवून घोकावेत असेच आहेत. फसवणूक करणारे लोक या दोन शब्दांच्या मधल्या अंधारात काम करतात. पीएम किसानचा हप्ता आलाय, पिन टाका म्हणजे खात्यात जमा होईल, असा फोन येतो. यूपीआयमध्ये पिन लागतो तो पैसे द्यायला. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पडद्यावर 'पे' लिहिलेलं असतं आणि माणूस ते 'मिळणार' असं समजून दाबतो. पे, रिसीव्ह, अलाउ, डिनाय, अप्रूव्ह, डिक्लाइन, शेअर, डू नॉट शेअर, हे आठ शब्द येणाऱ्या माणसाला लुटणं बरंच अवघड जाईल. शाळेत जाणाऱ्या लेकरांनी हे पान आजी-आजोबांना वाचून दाखवावं.

फॉर्म, रेल्वेचं तिकीट, कंपनीतली पाळी आणि सुट्टी, यांचे विभाग नेहमीसारखेच आहेत. त्यांच्याबद्दल वेगळं सांगण्याजोगं नाही.

आपल्याजवळ आधीच असलेल्या शब्दांचा विभाग मात्र वाचकाला आनंद देईल अशी आशा आहे. त्यात आपण वापरतो पण इंग्रजीत ज्यांचा अर्थ निराळा आहे असेही शब्द आहेत. आपलं हॉटेल म्हणजे चहा-भज्यांचं दुकान, इंग्रजीतलं हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा. आपली लाईट जाते, इंग्रजीत पॉवर जाते. विदर्भात रेशनच्या दुकानाला अजून कंट्रोल म्हणतात, ही युद्धकाळातल्या नियंत्रणाची आठवण आहे. पुण्या-मुंबईच्या माणसाला 'कंट्रोलचा तांदूळ' म्हटलं तर समजेलच असं नाही, मग इंग्रजी माणसाची गोष्टच सोडा. हे वापर चुकीचे नाहीत. ते आपल्या मराठीतले शब्द झाले आहेत आणि मराठीत तसेच राहावेत. इंग्रजी बोलताना तेवढं भान असावं.

उच्चारांबद्दल थोडं. सगळे शब्द देवनागरीत दिले आहेत आणि शेजारी इंग्रजी अक्षरांचा तक्ता आहे. मराठी लिपीने ॲ आणि ऑ ही चिन्हं इंग्रजी स्वरांसाठीच सामावून घेतली, त्यामुळे 'बॅट' आणि 'बॉल' लिहिण्यात अडचण नाही. व आणि व्ह यांतला फरकही आपण लिहून दाखवतो: वेस्ट म्हणजे पश्चिम, व्हेस्ट म्हणजे बनियन. आपल्या वऱ्हाडी बोलीत शाळेची शाया होते, डोळ्याचा डोया होतो. या बोलीवरून लेकराला हिणवणारे लोक इंग्रजीच्या उच्चारावरूनही त्याला हिणवतात, आणि मग ते दोन्ही भाषांत तोंड मिटून बसतं. इंग्लंडातही प्रत्येक परगण्याचा उच्चार वेगळा आहे. समोरच्याला समजलं की उच्चार पुरेसा आहे.

घरात इंग्रजी आणली की मराठी बाहेर जाते, अशी भीती काही जाणत्या माणसांना वाटते. ती भीती मी हलकी मानत नाही. शहरांमध्ये मराठी न वाचता येणारी मराठी मुलं मी पाहतो. पण या पुस्तकातला प्रत्येक इंग्रजी शब्द मराठी वाक्यातून समजावला आहे, आणि ज्याला मराठी नीट वाचता येत नाही त्याला हे पुस्तक वापरताच येणार नाही. उर्दू शाळेत शिकणाऱ्या लेकरांसाठीही असं पुस्तक व्हायला हवं. वऱ्हाडात ती लेकरं थोडी नाहीत, आणि त्यांच्या घरीही फवारणीच्या बाटल्या आहेत.

गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. या शब्दांची परीक्षा घेऊ नका, गुण देऊ नका. लेकरांना घरून रिकामी पिशवी, औषधाचं खोकं, जुनं तिकीट आणायला सांगा आणि त्यावरचे शब्द शोधू द्या. कीटकनाशकाच्या बाटल्या मात्र आणायला सांगू नका, रिकाम्यासुद्धा नाही. त्यांच्या लेबलांची चित्रं पुस्तकात दिली आहेत. आई-वडिलांपैकी कोणी शाळेत येऊन एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला तर काम बाजूला ठेवून सांगा. मोठ्या माणसाला एक शब्द विचारायला किती धीर लागतो, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार?

पुस्तकाच्या शेवटी आठ पानं कोरी ठेवली आहेत. तुमच्या घरात, शेतात, दुकानात जो इंग्रजी शब्द दिसला आणि इथे सापडला नाही, तो दिसला तसा त्या पानांवर उतरवून घ्या, आणि ज्याला येतो त्याला त्याचा अर्थ विचारून शेजारी लिहा. दुसरी आवृत्ती त्या शब्दांवरून करायची आहे.